बोपदेव घाटात चढलेला काटा : घरी केलेल्या कूलंट फ्लशचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो आणि पुण्यात उंड्रीला राहतो. हे प्रकरण आमच्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांना विचारून, ओळख पटेल असे तपशील गाळून ते लिहितोय. कामात मीही होतो. त्यात जी मोठी चूक झाली ती बरीचशी माझीच, हे आधीच सांगून ठेवतो.

गाडी ११ वर्षांची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक. अॅल्युमिनियमचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचाच रेडिएटर आणि त्याला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकच्या टाक्या. मालक चोपन्न वर्षांचे. गाडी रोज उंड्री ते मगरपट्टा जाते-येते, सुटीच्या दिवशी सासवड-जेजुरीकडे. ऑइल वेळेवर बदललेलं, टायर नवे, ब्रेक चांगले. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला आत फिरणारं द्रव, मात्र शेवटचं कधी बदललं हे घरात कोणालाच आठवत नव्हतं.

बॉनेटखालच्या रिझर्व्ह बाटलीतली पातळी दोनेक वर्षांपासून उतरत होती. दर पंधरा दिवसांनी मालक त्यात अर्धा लिटर पाणी टाकायचे. पाणी पार्किंगमधल्या नळाचं, म्हणजे टँकरचं. आमच्याकडे टँकर बोअरवेलचं पाणी आणतात. ते किती जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं, असतं हे ज्याने गिझरची कॉइल बाहेर काढून पाहिलीय त्याला वेगळं सांगायला नको.

घाटात काय झालं

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दुपारचे साडेबारा. गाडीत पाच माणसं, एसी चालू. सासवडच्या वाटेवरच्या बोपदेव घाटात पुढे एक भरलेला ट्रक होता, त्यामुळे बराच चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गेला. शेवटच्या वळणांवर टेम्परेचरचा काटा मधली खूण सोडून वर चढू लागला आणि माथ्याच्या अलीकडे तांबड्या पट्टीला टेकला.

इथे मालकांनी जे केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर टाकला, पुढे जागा मिळताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्याची उष्णता आधीच तापलेल्या हवेतून रेडिएटरवर येते. एसी बंद झाला की तेवढा भार कमी होतो. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा लहान रेडिएटरच. तो चालू केला की इंजिनाची काही उष्णता आत गाडीत येते. माणसं घामाघूम झाली, पण इंजिन वाचलं.

एका दुचाकीवाल्याने थांबून मदतीची तयारी दाखवली. झाकण उघडून गार पाणी ओता, म्हणाला. मालकांनी नको सांगितलं. दाबाखालचं पाणी झाकण सैल होताच उसळून वाफ होतं आणि हात-तोंड भाजतं. शिवाय तापलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, एकदम गार पाणी पडलं तर हेड वाकतं, कधी तडकतंही. पाऊण तास थांबून ते हळूहळू भिवरी गावापर्यंत गेले. तिथे इंजिन पूर्ण गार झाल्यावर बाटलीत पाणी भरून, एसी न लावता संध्याकाळी घरी परतले.

तपासणी

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर झाकण उघडलं. आतलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. तोंडाशी पांढरा, खरखरीत थर. वरचा होस पाईप दाबला की आत करकर आवाज येत होता. ऑइलची डिपस्टिक स्वच्छ निघाली, दुधट रंग नव्हता, चालू इंजिनावर पाण्यात बुडबुडेही येत नव्हते. त्यामुळे हेडगास्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेल्याचा संशय मागे पडला आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबावरून प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) थेंब ठेवला तर ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य द्रव्य, जेमतेम १५ टक्के. गाडीच्या पुस्तिकेत प्रमाण अर्धं-अर्धं सांगितलं होतं. पुण्यात पाणी गोठत नाही, मग ग्लायकॉल कशाला, असं पुष्कळजण विचारतात. कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि पाणी घालत गेलं की तीही पातळ होतात. उकळण्याचा मुद्दा निराळा. पुण्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ५६० मीटरवर, उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिन ९० ते १०० अंशांत चालतं. मधली फट भरून काढतं झाकण. साधारण १ बार दाब धरला की पाण्याचा उकळबिंदू १२० च्या घरात जातो आणि ग्लायकॉल तो आणखी थोडा वर नेतं. या गाडीच्या झाकणाचं रबर दगडासारखं कडक होऊन चिरलं होतं. ते दाब धरतच नव्हतं.

मालकांच्या मुलीने एक हिशेब मांडला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ती इंजिनिअरिंगला आहे आणि या कामाची वही तिनेच ठेवली. पंधरा दिवसांना अर्धा लिटर म्हणजे वर्षाला १३ लिटर, दोन वर्षांत २६. यंत्रणेत मावतं साडेचार लिटर. जड पाणी एकदाच भरलं असतं तर त्यातला चुना एकदाच बसला असता आणि बात तिथेच संपली असती. इथे पाणी वाफ होऊन जात होतं, चुना मागे राहत होता आणि पुढच्या पंधरवड्यात नवा चुना येत होता. तापल्यावर पाण्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि जिथे धातू सर्वांत गरम तिथे, म्हणजे हेडच्या वाटांमध्ये, ते आधी बसतं. जिथून उष्णता बाहेर काढायची नेमक्या त्याच जागेवर हा थर गोधडीसारखा पांघरला जातो.

कोणते मार्ग होते

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये सल्ला मिळाला : थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाका, हिरवं कूलंट भरा, गाडी पुन्हा गरम होणार नाही. हा सल्ला पुण्यात इतक्या ठिकाणी ऐकू येतो की त्यावर थांबून बोलायला हवं. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची वाट उघडली की ती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं गरम पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि काही गरम पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात फिरत राहतं. घाटात नेमकं तेच नडतं. एरवी सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं. मालकांना हे चित्र काढून दाखवल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला.

दुसरा मार्ग अधिकृत सर्व्हिस सेंटरचा. तिथे रेडिएटर, होस आणि थर्मोस्टॅट एकदमच बदलायचा अंदाज मिळाला. काम चांगलं झालं असतं, पण हेडमधल्या चुन्याचं काय, याचं उत्तर मिळालं नाही. तिसरा मार्ग घरी फ्लश करायचा, म्हणजे यंत्रणा आतून धुवून काढायची, आणि त्यातही आत काय घालून, हा प्रश्न होता.

मालकांच्या काकांनी उमेदीची वीस वर्षं टॅक्सी चालवली. ते म्हणाले, “धुण्याचा सोडा घाल मूठभर, गाडी फिरव आणि काढून टाक. आम्ही तेच करायचो.”

“काका, तुमचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता,” मालक म्हणाले. “हा अॅल्युमिनियमचा आहे.”

“मग?”

मी घरून अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा आणला आणि गरम पाण्यात सोडा कालवून त्यात टाकला. थोड्याच वेळात पत्र्यावर बुडबुडे धरले आणि तो काळपट पडला. काकांनी तो उचलून उन्हात धरला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, “राहू दे सोडा.” त्यांचा अनुभव खोटा नव्हता. गाडीचा धातू बदलला होता.

शेवटी सायट्रिक अॅसिड ठरलं, किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल. चुन्यावर ते चालतं, आणि थोड्या प्रमाणात, थोडाच वेळ ठेवलं तर अॅल्युमिनियमला फारसं लागत नाही. रात्रभर भिजवायचं नाही हे आम्ही ठरवून टाकलं. रेडिएटर बदलायचा की नाही हे फ्लशनंतर बघायचं, असंही ठरलं.

पहिला रविवार

सामान : रविवार पेठेतून १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे ५ लिटरचे दोन कॅन, नाना पेठेतून नवं झाकण, नवा थर्मोस्टॅट आणि त्याची रिंग, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचं गुलाबी कूलंट, पाणी न मिसळलेलं. शेवटच्या गोष्टीवर मी अडून बसलो होतो, त्याचं कारण पुढे येतं. कूलंटच्या रंगाला कसलंही प्रमाणीकरण नाही. एका कंपनीचं गुलाबी आणि दुसरीचं गुलाबी एकच असेल असं धरून चालू नये. डब्यावरची जात आणि पुस्तिकेतली जात जुळवून घ्यावी.

सकाळी सहाला गार इंजिनावर ड्रेन कॉक उघडला. परातीखाली ताडपत्री पसरली होती आणि एक माणूस तिथून हलणार नाही असं ठरलं होतं. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, आणि आमच्या पार्किंगमध्ये चार मांजरं आहेत. मांजराला अगदी थोडंसंही जिवावर बेततं. जुनं पाणी एकूण ३.१ लिटर निघालं. साडेचारपैकी १.४ लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये अडकून राहिलं. हा १.४ चा आकडा मुलीने वहीत चौकटीत लिहिला. पुढचं सगळं काम त्याच्यावर उभं राहिलं.

जुना थर्मोस्टॅट काढला. फ्लश होईपर्यंत त्याच्या जागी काही न बसवता झाकणी आवळली, म्हणजे पाणी गार असतानाही सगळीकडे फिरेल. (जुना थर्मोस्टॅट नंतर एका टाकाऊ पातेल्यात तापवून पाहिला. ८४ अंशांना हलला, पण ९५ ला पूर्ण उघडायला हवा होता तो निम्माच उघडला.) सायट्रिक अॅसिड कोमट पाण्यात विरघळवून ओतलं, हीटर गरमवर ठेवून इंजिन २५ मिनिटं चालू ठेवलं, मग हाताला सोसेल इतकं गार होऊ दिलं. बाहेर आलं ते गढूळ, तपकिरी, तळाशी पांढरी-पिवळी रेती असलेलं पाणी. काका परातीशी उकिडवे बसले होते. रेती बोटांत चोळून पाहत म्हणाले, “हे सगळं आत होतं?”

आता धुणं किती वेळा? चौकटीतला आकडा इथे कामी आला. दर वेळी १.४ लिटर मागे राहतं, म्हणजे आधीच्या पाण्याचा साधारण ३१ टक्के भाग. एकदा धुतल्यावर अॅसिड ३१ टक्के उरतं, दोनदा धुतल्यावर १०, तीनदा ३, चारदा धुतल्यावर १ टक्का. पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून दुसऱ्याच वेळी थांबायचा मोह होतो, पण तेव्हाही दहावा हिस्सा अॅसिड आतच असतं. पहिली दोन धुणी टँकरच्या पाण्याने आणि पुढची दोन डिस्टिल्ड वॉटरने केली. दर वेळी इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, काढायचं. यात दुपारचे चार वाजले.

भरताना तोच आकडा पुन्हा आडवा आला. आत १.४ लिटर नुसतं पाणी आहे. बाजारात मिळणारं आधीच अर्धं-अर्धं मिसळलेलं कूलंट ३.१ लिटर भरलं असतं तर ग्लायकॉल साडेचारात १.५५ लिटरच, म्हणजे ३४ टक्के झालं असतं. डब्यावर ५० लिहिलेलं आणि गाडीत ३४. पुष्कळ घरगुती फ्लश इथेच फसतात आणि करणाऱ्याला ते कळतही नाही. आम्हाला हवं होतं २.२५ लिटर शुद्ध कूलंट आणि ०.८५ लिटर डिस्टिल्ड वॉटर. मुलीने ते एका कॅनमध्ये मिसळलं, नवा थर्मोस्टॅट बसवला आणि नरसाळ्याने भरायला घेतलं.

तोंडापर्यंत भरलं तेव्हा कॅनमध्ये ४०० मिलिलिटर शिल्लक होतं.

“बाबा, हे उरायला नको.”

“उरलं तर उरलं, बाटलीत घालू नंतर,” मालक म्हणाले. सगळे थकले होते, सोमवारी ऑफिस होतं. मीही काही बोललो नाही. गाडी चालू केली. मुलीच्या फोनवर ओबीडी रीडरमधून (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं उपकरण) तापमान दिसत होतं : ९१, ९६, १०१, १०४. आणि पूर्ण गरमवर ठेवलेल्या हीटरमधून गार वारा येत होता. इंजिन तापलंय आणि हीटर गार, म्हणजे आत हवा अडकलीय. लगेच बंद केलं.

इंजिन गार झाल्यावर गाडीचं तोंड पार्किंगच्या उतारावर वरच्या बाजूला केलं, म्हणजे झाकणाचं तोंड सर्वांत उंच आलं. झाकण उघडं ठेवून, हीटर चालू ठेवून, वरचा होस सावकाश दाबत-सोडत राहिलो. बुडबुडे येत गेले, पातळी खाली जात गेली आणि कॅनमधलं उरलेलं सगळं आत गेलं. ते ४०० मिलिलिटर म्हणजे अडकलेली हवाच होती. वहीने सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही.

काढलेलं सगळं पाणी, अॅसिडचं आणि धुण्याचंसुद्धा, कॅनमध्ये भरून वर ‘विषारी’ लिहिलं. ओळखीच्या एका वर्कशॉपने ते आपल्या टाकाऊ कूलंटच्या पिंपात घेतलं. पार्किंगच्या जाळीतून ते नाल्यात आणि तिथून मुळा-मुठेत जाणार होतं. ते होऊ द्यायचं नाही, यावर मालक पहिल्यापासून ठाम होते.

नवव्या दिवशी

गाडीखाली, उजव्या बाजूला, रुपयाएवढा गुलाबी डाग दिसला. बाटलीतली पातळी बोटभर उतरली होती. टॉर्च धरून पाहिलं तर वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ओघळ येऊन गुलाबी पापुद्रा धरलेला. पंपाच्या आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर दिसावं, यासाठीच ते भोक ठेवलेलं असतं.

फ्लशने पंप बिघडवला का? मालकांनी हे सरळ विचारलं आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. माझं मत असं : सील आधीपासून गळत होतं. दर पंधरा दिवसांचं अर्धा लिटर पाणी काही झाकणातून आणि काही इथूनच जात होतं. नुसतं पाणी गरम इंजिनावर पडून सुकून जायचं, खूण राहायची नाही. गुलाबी कूलंट मात्र सुकलं तरी डाग सोडतं. सीलभोवतीचा चुना अॅसिडने विरघळला आणि गळती थोडी वाढली, हेही शक्य आहे. मी ते नाकारलं नाही.

पंप बदलायचा म्हणजे कूलंट पुन्हा काढायचं. ते नऊच दिवसांचं होतं, म्हणून स्वच्छ धुतलेल्या कॅनमध्ये काढून, सुती कापडातून गाळून, मोजून परत भरलं. जे सांडलं त्याच्या जागी तशाच प्रमाणाचं नवं घातलं. पंपाचं काम मात्र घरी केलं नाही. बेल्ट, टेन्शनर आणि गास्केटचा पृष्ठभाग साफ करणं हे पार्किंगमध्ये बसून करायचं काम नव्हे. ते गॅरेजमध्ये दिलं, मालक तिथे उभे राहिले आणि थर्मोस्टॅटला हात लावू नका, एवढंच सांगितलं.

परिणाम

ऑक्टोबरच्या उन्हात तीच पाच माणसं, तोच घाट, एसी चालू. ओबीडीवर सर्वांत जास्त १०० अंश दिसले, पंखा लागल्यावर ९३ वर आले. काटा मधल्या खुणेवरून हलला नाही. पंप बदलल्यापासून चार महिन्यांत बाटलीतली पातळी उतरलेली नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर ४८ टक्के.

सगळंच सुधारलं असं नाही. हीटर पूर्वीच्या निम्माही गरम होत नाही. त्याच्या बारीक नळ्यांत चुना अजून आहे. पुन्हा अॅसिड घालायचं का, यावर बराच विचार झाला. अकरा वर्षांच्या नळ्यांवर दुसऱ्यांदा अॅसिड सोडायला माझं मन तयार होईना, आणि पुण्याच्या थंडीत हीटरवाचून कोणाचं अडत नाही. ते तसंच ठेवलंय. मात्र घाटात काटा चढला तर मदतीला येणारा हीटर आता कमजोर आहे, याची मालकांना कल्पना दिलीय.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत पहिला प्रश्न ‘आत काय साचलंय’ हा नव्हता. पाणी जातंय कुठे, हा होता. बंद यंत्रणेतून दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर कमी होतं म्हणजे गळती आहेच. झाकण खराब निघालं आणि सगळं कारण सापडलं असं मी धरून चाललो. झाकणाच्या जागी हातपंप लावून यंत्रणेत दाब भरायचा आणि दाब उतरतो का ते दहा मिनिटं पाहायचं, एवढीच चाचणी होती. तो पंप माझ्या वर्कशॉपच्या कपाटात होता. मी तो आणला असता तर वॉटर पंपाची गळती मे महिन्यातच दिसली असती, अॅसिड नव्या सीलवर न जाता जुन्यावरच जावं म्हणून फ्लश आधी उरकून मग वॉटर पंप बदलला असता आणि नवं कूलंट एकदाच भरलं असतं. माझ्या विद्यार्थ्यांना आता मी हा क्रम फळ्यावर लिहून देतो : दाब, गळती, मग धुणं.

दुसरं, काम एका दिवसात बसवायला नको होतं. चौथं धुणं झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर आतच ठेवून, सोमवारी गाडी घरीच ठेवून, भरणं आणि हवा काढणं ताज्या डोक्याने संध्याकाळी केलं असतं तर १०४ पर्यंत गेलं नसतं. थकलेल्या माणसाला उरलेले ४०० मिलिलिटर किरकोळ वाटतात.

सोड्याऐवजी अॅसिड, थर्मोस्टॅट ठेवणं, शुद्ध कूलंट घेऊन हिशेबाने मिसळणं आणि पंपाचं काम बाहेर देणं हे निर्णय पुन्हा वेळ आली तरी मी तसेच घेईन.

मालकांच्या डिकीत आता एक लिटरची बाटली असते, त्याच गुलाबी कूलंटची, अर्धी-अर्धी मिसळलेली, वर मुलीच्या अक्षरात तारीख. महिन्याच्या पहिल्या रविवारी गार इंजिनावर पातळी पाहून ते वहीत लिहितात. ऑक्टोबरनंतरच्या सगळ्या ओळींत एकच शब्द आहे : ‘तेवढीच’.